दाजींच्या हाताचं यश

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय भिकनदाजींस, कडूबाचा नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. थंडी सरल्यापासून आमच्या हिचे, द्वारकाचे, गुडघे कमी दुखतात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितो.

परवा शनिवारी सकाळी आपण खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलो. तुम्ही पेटीत पाचशेची नोट टाकली आणि म्हणालात, "कडूबा, यानंच माझ्या हाताला यश दिलं." मी मागं उभा होतो. हात जोडले, पण मारुतीच्या तोंडाकडं पाहवलं नाही. येताना तुम्ही सांगितलं, की येत्या रविवारी शहागंजच्या मोठ्या डावाला बसणार आणि त्यासाठी माझ्या बहिणीच्या, वच्छलाच्या पाटल्या मोडणार.

दाजी, कापडदुकानातलं तुमचं काम सुटलं तेव्हा मी पैसे घेऊन आलो होतो. तुम्ही दारातच म्हणालात, "मेव्हण्याच्या जिवावर चूल पेटवू व्हय?" मग दर रविवारी दुपारी माझ्याकडं आपण तीन पत्ती खेळायला बसतो, तिथं मी वाट काढली.

चांगली पानं आली की तुम्ही ती एकदाच पाहता, पालथी ठेवता आणि पुन्हा हात लावत नाही. वाईट आली की सारखी उचलून बघता. पालथी दिसली की मी चाल दहा रुपयांची वीस, विसाची चाळीस करत ऐंशीवर नेई. बाकीचे पॅक होत. शेवटी मीही पानं टाकून देई, आणि मधला सगळा ढीग तुमचा. तुम्ही सारखी बघत असलात, की माझी चाल दहाच्या वर जात नसे. तुमचं जाईल ते थोडंच जावं. एकदा माझ्याकडं तीन राजे होते. तेही टाकले.

आपल्या डावातले काकासाहेब म्हणायचे, "हातात काय नाय अन् चाल कसली लावतो रे! तुझ्यापेक्षा आमची म्हैस बरी खेळंल." सगळे हसायचे, तुम्ही सगळ्यात मोठ्यानं. मला बरं वाटायचं. वच्छलाच्या घरात किराणा येत होता.

तुम्हाला हे यश खरं वाटेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शहागंजात तुमचा मेव्हणा बसलेला नाही. तिथं तुम्ही पानं पालथी ठेवली की लोक पॅक होतील, आणि सारखी बघितली की चाल वाढवतील.

दोन दिवस माळ हातात घेऊन बसलो. तुमचा मान राखू की बहिणीचं सोनं, हे देवाला विचारत राहिलो. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं.

आज तुम्ही बाहेर पडल्यावर तुमच्या घरी गेलो. वच्छलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, हे त्यांना आता कोण सांगंल?"

"मीच सांगतो," म्हणालो.

पाटल्या तिनं स्वतः उतरवून दिल्या. त्या द्वारकाच्या कपाटात आहेत. तुम्ही मागितल्या तरी देणार नाही.

तुमचा मान घालवणारा,
तुमचाच मेव्हणा
कडूबा