परमुलखातल्या गाडीची टिपणं

जिंतूर, ६ एप्रिल १९५८
प्रोफेसरांचं पत्र आलं, पाच पानं! हैदराबादेत आम्हाला भूगोल शिकवायचे. दोन वर्षं युरोपात काढलेली. शिक्षिकांच्या युरोपच्या उन्हाळी दौऱ्यात माझं नाव जवळजवळ नक्की, असं मुख्याध्यापिका बाई म्हणतात. आबांच्या संमतीचा कागद तेवढा राहिलाय. तोही त्या स्वतः घरी जाऊन आणणार. सातवीनंतर बाईंनी शाळेत ठेवून घेतलं नसतं तर मी कुठली बी. ए. होतेय.

१० एप्रिल
पत्रातलं वहीत उतरवलं :
सामान आपल्याला उचलेल तेवढंच. हमालावर भिस्त नको. (ट्रंक उचलून पाहिली. छे. पिशवीच बरी.)
दुपारच्या दोनला चौदा लिहितात.
जनाना डबा नसतो. पुरुषांशेजारी बसावं लागतं, कुणी बघत नाही.
डब्यातल्या नळाचं पाणी पिऊ नये.
आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मेंढरं नेऊ देतेत का डब्यात?"

१९ एप्रिल
बाईंनी खोलीत बोलावलं. "तुझे वडील तयार नाहीत गं. किती समजावलं. जागा वाया जाऊ नये म्हणून आता मलाच जावं लागतंय."
आबांना भाकरी वाढली. त्यांच्याशी बोलले नाही. मेंढरं विकून शिकवलं, आणि ऐन वेळी हे. तोंडावर नाही म्हणायचं होतं.

२१ एप्रिल
बाईंनी वही मागितली. "तुला आता तिचा काय उपयोग?" दिली. वर कव्हर घालून दिली.

२४ एप्रिल
शेवटी आबांनीच विचारलं, "पाच दिस झाले, तोंड का बांधलंस?" सांगितलं. त्यांनी अंगठा पुढे केला.
"म्या तर दिला की. बाईनंच शाई लावली, रुमालानं पुसला बी. म्हन्ल्या, पोरीला मी सांगते, तुमी बोलू नका. म्हून गप बसलो."
पाच दिवस मी या माणसाशी बोलले नव्हते.

२८ एप्रिल
जाब विचारायला बाईंच्या घरी गेले. त्या पिशवी भरत होत्या. "बरी आलीस. ते चौदा-पंधराचं परत समजाव." समजावलं. चहा घेतला. परत आले.
विचारलं नाही. का नाही विचारलं? त्यांच्यासमोर मी अजून सातवीतलीच पोर.

९ मे
प्रोफेसरांचं दुसरं पत्र. 'महत्त्वाचं राहून गेलं' म्हणतात. तिकडे एकाच गाडीचे डबे वेगवेगळ्या गावांचे असतात. वाटेत तोडून निराळे पाठवतात. गाडी बरोबर असून भागत नाही, आपल्या डब्यावरची पाटी वाचायची.
बाई परभणी स्टेशनवर काय करतात मला ठाऊक आहे. पाटी बघत नाहीत. ज्या डब्यात बायका दिसल्या त्यात चढतात. तिकडेही तेच करतील, आणि झोप लागली तर भलत्याच देशात उतरतील.
उद्या सकाळी त्या निघतात. इथे हे माझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. पत्र वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. बरं वाटलं.

१० मे, सकाळ
आबांना पत्र वाचून दाखवलं. वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे तिला खड्ड्यात.
"सांगून टाक," म्हणाले. "धनगरानं वाट सांगताना मानूस बघायचा नसतो. आपलं मानूस असो का चोर." मग पटका हातात घेऊन, "मी बी येतो स्टँडवर. तू वाट सांग, मी माझ्या अंगठ्याचं इचारतो."
"आबा, सगळी शाळा असेल तिथे. हार घालायलेत त्यांना."
"मग बरंच की. सगळ्यांम्होरं इचारू."
बाईंची मान खाली गेलेली मला बघवेल का, कळत नाही. आबांना नको म्हणावं, तर पुन्हा त्यांनाच गप्प बसवल्यासारखं होईल.
परभणीची मोटार साडेसातला. सात वाजून गेले. आबा पटका बांधून दारात उभे आहेत, "चल की" म्हणतायत.