पिवळ्या पायांची नोंद

३ जानेवारी
पक्षिमित्र मंडळात अठरा तारखेला माझं व्याख्यान. विषय: पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांचा इतिहास. पंचेचाळीस मिनिटं, एकही मिनिट जास्त नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माझ्यासारख्या छापखान्याच्या फोरमनला बोलावलं, यातच काय ते आलं. अर्थात कारण आहे. मंडळाच्या पक्ष्यांच्या यादीतली, पाणथळीत दिसणारी काळपाठी तुतवार फक्त मी पाहिली आहे. बावीस वर्षांत दुसऱ्या कुणाला ती दिसलेली नाही. नवी यादी आमच्याच छापखान्यात छापायची आहे. त्या ओळीपुढे माझं नाव असेल. दहा तारखेच्या आत भाषण लिहून पूर्ण.

६ जानेवारी
लिहिलं नाही. वाचन चालू आहे. पूर्वी पक्षी आधी गोळी घालून पाडत, मग टेबलावर ठेवून ओळखत. दुर्बीण आली, लांबूनच ओळखायच्या खुणा दाखवणारी खिशातली पुस्तकं आली, तेव्हा कुठे हे थांबलं. जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या हातात बंदूक असती तरी पक्ष्यांना काही धोका नव्हता. दुर्लक्ष केलं.

९ जानेवारी, दुपारी १
शोध लागला! माझ्या जुन्या गाइडमधलं तुतवारीचं चित्र भिंगाखाली घेतलं. पाय पिवळे. पण छापताना पिवळ्या रंगाची प्लेट केसभर सरकलीय, शेजारच्या गवताचा रंग पायांवर आलाय! पुढच्या आवृत्तीत पाय राखाडी. म्हणजे खरे राखाडीच. पक्षितज्ज्ञांना हे दिसायचं नाही, त्यासाठी हाताला शाई लागावी लागते. भाषणाचा कळस हाच. मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना लगेच फोन केला. राखाडी? नक्की? असं त्यांनी दोनदा विचारलं. भारावल्या असाव्यात.

१० जानेवारी
बाईंचा फोन. तुमच्या त्या नोंदीत पायांबद्दल काय लिहिलंय हो? बघून सांगतो म्हटलं. बावीस वर्षांपूर्वीची वही काढली.
'पाय पिवळेधमक, स्पष्ट दिसले.'
भाषण लिहिलं नाही. बाईंना फोनही केला नाही.

११ जानेवारी
संध्याकाळच्या उन्हात राखाडी रंग पिवळा दिसू शकतो. वहीत वेळ: सकाळी ११.४०. वेळ लिहायची खोड मला कुणी लावली?
चिखल पिवळा असू शकतो.

१३ जानेवारी
तुतवार दिसली त्या दिवशी मेहुणा सोबत होता. साक्षीदार! सहज विचारल्यासारखं करून पायांचा रंग विचारला. म्हणाला, कसले पाय दाजी, पोटापर्यंत पाण्यात होती ती. आणि तुम्ही तर मान खाली घालून पुस्तकच बघत होता.
खरं आहे. घरी येऊन पुस्तक समोर ठेवून नोंद पक्की केली होती. तेव्हा त्याला मी अभ्यास म्हणत असे.

१८ जानेवारी
व्याख्यान झालं. चव्वेचाळीस मिनिटं. बाई आधीच हळूच म्हणाल्या होत्या, वेळ कमी आहे, ते पायांचं राहू द्या. राहू दिलं. टाळ्या पडल्या. मान वर करवली नाही.

२४ जानेवारी
यादीचं प्रूफ आलं. माझी ओळ मीच काढली, कुणाला न सांगता. खालच्या ओळी वर सरकवल्या. सफाईदार काम. कळायचं नाही कुणाला.

२ फेब्रुवारी
पाचशे प्रती छापून गेल्या. मुखपृष्ठावर 'एकूण जाती २१४', आत २१३. तेवढा आकडा बदलायचा राहिला. बैठकीत सगळे बोट लावून मोजत बसले. छापखान्याची चूक, दुसरं काय, असं कुणीतरी म्हणालं. ते मात्र ऐकवेना. उठलो. छापखान्याची नाही, म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी फक्त विचारलं, मग तुम्हाला दिसलं तरी काय होतं?
शेपूट, म्हटलं. उडून जाताना.