कडता कापून एक्क्याण्णव

३ एप्रिल २०१६, रविवार
लातूरहून एसटीनं उदगीरला परत. मीटिंग झकास झाली. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेली आम्ही मंडळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्तरी आपांच्या घरी जमतो. आपांचं गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान. त्यांच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली, वजन जागच्या जागी. माझ्या ऑपरेशनला तीन. मी एकशे अडतीसवरून ब्याऐंशीवर आलो होतो. आपा नव्या पेशंटना अजून माझा तेव्हाचा फोटो दाखवतात. आताचा दाखवायची गरज पडत नाही.

दुष्काळामुळं ज्यानं त्यानं आपली पाण्याची बाटली आणायची असा नियम केलाय. माझी विसरली. दुसऱ्यांचं पाणी प्यालो.

मोठी बातमी. आपा म्हणाल्या, उदगीरकडचे मेंबर वाढून राहिलेत, तर तिथं शाखा काढू. मी ताबडतोब उभा राहिलो. शाखा नव्हे, जिल्हा शाखा म्हणा, असं सुचवलं. उदगीर जिल्हा आज ना उद्या होणारच. जिल्हा व्हायच्या आधी जिल्हाध्यक्ष तयार पाहिजे. टाळ्या पडल्या. दोघांच्याच, पण मनापासून.

अटी दोन. चार मेंबर पाहिजेत. आणि अध्यक्षाचं वजन त्याच्या सगळ्यात कमी वजनाच्या दहा किलो वरपर्यंतच चालेल, शिवाय उद्घाटनाला सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं. माझ्यासाठी आकडा ब्याण्णव. किरकोळ गोष्ट.

४ एप्रिल, सोमवार, सकाळी ७
माझ्या आडतीच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. अठ्ठ्याण्णव किलो चारशे. काटा बिघडलाय.

७.१५
पन्नास किलोचं हरभऱ्याचं पोतं ठेवून पाहिलं. पन्नासच दाखवलं. म्हणजे पोत्यांच्या बाबतीत काटा ठीक आहे.

७.४०
शांतपणे विचार केला. मी इतकी वर्षं मोंढ्यात धान्याची आडत करतो. पोतं काट्यावर चढल्यावर जो आकडा दिसतो तो कोण धरतं? बारदान्याचा म्हणजे रिकाम्या पोत्याचा, ओलाव्याचा, काडीकचऱ्याचा कडता कापतात, मग उरतं ते वजन. मालाला एक न्याय आणि मालकाला दुसरा, असं कसं चालेल? कपडे, चष्मा, मोबाईल, म्हणजे बारदाना: दीड किलो. चहापाणी, म्हणजे ओलावा: एक किलो. पोटावर लोंबणारी कातडी: ती माझी नव्हेच, एकशे अडतीसवाल्या मलप्पाची. तिचे पाच किलो, तेही कमीच धरले. राहिले नव्वद किलो नऊशे. एक्क्याण्णव लिहितो. उगाच स्वतःच्या बाजूनं हिशोब करू नये.

नीलम्माला आकडा सांगितला. ती म्हणाली, मग पँटचं बटन लावून दाखवा. बायकोला आडतीतलं काही कळत नाही.

संकल्प: गोड बंद. चहात बिस्कीट बंद. रोज पहाटे चालणे. मीटिंग सोडून बसलेल्या साहेबरावांना शाखेचं मेंबर करणे.

६ एप्रिल, बुधवार
चालणं सुरू. कोपऱ्यावर टँकरची रांग लागली होती, घागर घेऊन तिथंच उभा राहिलो. चालण्यापेक्षा उभं राहणं अवघड असतं असं कुठंतरी वाचलंय. व्यायाम पूर्ण.

बिस्किटाबद्दल. चहात पूर्ण बुडवलं की ते बिस्कीट राहत नाही. डॉक्टरांनी मऊ खा म्हणून सांगितलेलंच आहे.

८ एप्रिल, शुक्रवार, पाडवा
साहेबरावांकडे गेलो. एसटीतले रिटायर ड्रायव्हर, आमच्याच गल्लीत राहतात. आमची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली, कॉटला कॉट लागून. आता आठ महिने मीटिंगला फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणाले, टँकरची पाळी असते, गुडघा धरलाय, जमून नाही राहिलं. एवढ्या उन्हात अंगावर शाल पांघरून बसले होते. ताप असावा.

मी त्यांना माझं उदाहरण दिलं. गोडाला हात लावत नाही, वजन ब्याण्णवच्या आत, पहाटे फिरणं, सगळं सविस्तर सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. चांगलाच परिणाम झाला. अर्जावर सही मात्र नंतर करतो म्हणाले. माणसाला शिस्त नसली की असं होतं.

घरी पुरणपोळी. सणाला नाही म्हणू नये. अर्धीच. नंतर उरलेली अर्धी.

१२ एप्रिल, मंगळवार
मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दिवसभर टीव्हीपुढं. डोळ्यांत पाणी आलं. आनंदाच्या भरात शेव. ऑपरेशनमुळं एका वेळी चार घासच जातात हे खरं आहे. वेळा मात्र पुष्कळ असतात.

१ मे, रविवार
महाराष्ट्र दिन. उदगीर जिल्हा जाहीर झाला नाही. मोंढ्यातले सगळे म्हणतात, पंधरा ऑगस्टला नक्की. बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला.

आज लातूरची मीटिंग होती. गेलो नाही. टँकरची पाळी आहे असं आपांना कळवलं.

९ मे, सोमवार, अक्षय तृतीया
आमरस सुरू. रस हा लिक्विड. ऑपरेशननंतर पंधरा दिवस डॉक्टरांनी लिक्विडवरच ठेवलं होतं, तेव्हा किती झपाट्यानं वजन उतरलं. तीन वाट्या.

दुपारी ३
घाम. छातीत धडधड. आडवा पडलोय. ऊन बाधलं.

संध्याकाळी
आता ठीक. सिंधुचा फोन आला. ही शाळेत शिक्षिका, ऑपरेशनला पाच महिने झालेत, आपांनी तिला माझ्यावर सोपवलंय. म्हणाली, काका, परवा सरबत प्याले अन् छातीत लई धडधडलं, घाम सुटला, मी मरते की काय वाटलं. तुम्हाला होतं का हो असं? मी सांगितलं, मला असं कधीच झालेलं नाही, मनाचे खेळ असतात. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. तिला धीर आला असावा.

२० मे, शुक्रवार
उद्घाटन परवा. मंगल कार्यालय धरलं. आपा लातूरहून जीप करून पाच जणांना घेऊन येणार. चौथा मेंबर म्हणून साहेबरावांचं नाव त्यांना न विचारता लिहिलं. वजन: नव्व्याण्णव दिसतंय. उकाड्यानं अंगात ओलावा वाढलाय, कडता वाढवून घेतला. एक्क्याण्णव.

अडचण एकच. कार्यालयात पिण्याचं पाणी नाही. टँकरवाला हाव, येतो म्हणतो आणि फोन बंद करतो. बाहेरगावचा माणूस दारात येणार आणि त्याला पेलाभर पाणी नाही, यात उदगीरची काय शोभा राहिली?

उपाय सापडला. पाण्याऐवजी सगळ्यांना गार आमरस. आंबट निघाला म्हणून आचाऱ्यानं थोडी साखर विचारली. थोडी म्हणजे किती, ते त्याच्यावर सोपवलं.

खरं सांगायचं तर मला वाढायचंय. पूर्वी पंगतीत वाढपी माझ्यापुढं थांबायचे, आग्रहावर आग्रह व्हायचा, मी जिलेबी खातो ते बघायला माणसं उभी राहायची. ऑपरेशन झाल्यापासून वाढपी पातेलं घेऊन माझ्यापुढून तसाच निघून जातो, पानावर कुणी बसलेलंच नाही असा. मला त्याचं फार वाईट वाटतं. मीटिंगमध्ये हे बोललो नाही कधी. अध्यक्षानं असलं बोलू नये.

२२ मे, रविवार
थोडक्यात लिहितो, आडवा पडूनच.

पाहुणे अकराला आले. ऊन मी म्हणत होतं. आपांनी विचारलं, यात साखर आहे का. मी म्हणालो, आंबाच गोड आहे. मग मी आग्रह धरला. आपा नको म्हणाल्या तर त्यांना उदगीरची शपथ घातली. दोन बशा त्यांना, एकेक सगळ्यांना, सिंधुला दीड. मी आधीच चव बघून घेतली होती, चार बशा.

मग माझं भाषण. नव्या जिल्ह्यात स्थूलता राहू देणार नाही, इथपर्यंत आलो. समोर बघतो तर पहिल्या रांगेतले दोघं सतरंजीवर आडवे. मग तिसरा. मग आपा भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकल्या. सिंधुनं पदर तोंडावर घेतला आणि पडली. सगळ्यांना घाम, सगळ्यांचे हात छातीवर. मी धीर देण्यासाठी पुढं झालो आणि त्यांच्यामध्येच आडवा झालो.

शेजारच्या हॉलमध्ये लग्न होतं. वऱ्हाडी धावत आले. कुणीतरी ओरडलं, विषबाधा. दोन ॲम्ब्युलन्स आल्या. डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं, तर आपांनी जमिनीवरूनच सांगितलं की घाबरू नका, आमच्या पोटात एकदम साखर गेली की असंच होतं, अर्ध्या तासात उठतो आम्ही. अर्ध्या तासानं खरंच उठले सगळे. नवरानवरी टाळ्या वाजवत होते.

माझ्या शेजारी सिंधु होती. छताकडं बघत म्हणाली, काका, हे मनाचे खेळ का हो? मी डोळे मिटून पडून राहिलो.

वजन करायचं राहून गेलं. कार्यक्रम एकंदरीत लक्षात राहण्यासारखा झाला.

२४ मे, मंगळवार
पेपरात आलं. आमरसाने नऊ जण आडवे. आयोजक मलप्पा हुडगे यांनाही बाधा. फोटोत आडवा असल्यामुळं पोट दिसत नाही. नीलम्मानं ते कात्रण कापून फ्रीजला चिकटवलंय.

५ जून, रविवार
आपा स्वतः उदगीरला आल्या. आमच्या दुकानात बैठक. शाखेला जिल्हा म्हणायचं नाही असं ठरलं. अध्यक्ष सिंधु. सहा महिन्यांची पेशंट. ती म्हणाली, पहिल्यांदा काकांचं वजन करू.

काट्यावर उभा राहिलो. एकशे एक किलो दोनशे. मी कडत्याचा विषय काढला. आपा म्हणाल्या, भाईजान, ये कातडी भी आपकीच है, आन् घाम भी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दारात साहेबराव. शाल नव्हती. शर्टाची बटनं पोटावर ताणलेली. सरळ काट्यावर चढले. एकशे सात. आपांनी पुढच्या महिन्यात लातूरला डॉक्टरांकडं दोघांना बरोबर यायला सांगितलं.

सगळे गेल्यावर साहेबराव मागं थांबले. मी विचारलं, इतके महिने का आला नाहीत? ते म्हणाले, तुमच्यामुळंच की. जवा भेटाल तवा तुमचं सांगणं, गोडाला हात लावत न्हाई, वजन जाग्यावर हाय. मग वाटायचं, सगळ्यात मीच एक नालायक हाय. पाडव्याला तुम्ही गेलात अन् मी दार लावून रडलो. नंतर पेपरात वाचलं, मलप्पा रस पिऊन आडवा झाला. राग मानू नका, पण लई दिवसांनी त्या रात्री झोप लागली.

मला वाटत होतं मी त्यांना धीर देतोय.

मग त्यांनी विचारलं, लातूरला कोणत्या एसटीनं जायचं. मी म्हणालो, सहाच्या.