विल्मर आणि लोकेश यांच्या नावे माझं घर

मी, प्रमिला सुखदेव थोरात, वय त्रेसष्ट, राहणार लायडस्खेनडाम, नेदरलँड्स, लायडनच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करून ठेवते. कॅन्सर यकृतापर्यंत गेला आहे, पण विचारशक्ती शाबूत आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. इथल्या मालमत्तेचा दस्त नोटरीपुढे डचमध्ये झाला आहे. नागपूरच्या फ्लॅटसाठी, आणि माझ्या माणसांना माझ्या भाषेत कळावं म्हणून, हे मराठीत लिहिते. त्या दस्ताच्याही आधी केलेलं जुनं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात विल्मरचं नाव नव्हतं.

१. माझं राहतं घर माझा मुलगा लोकेश आणि त्याचा जोडीदार विल्मर आंतोनियो पास यांना निम्मंनिम्मं मिळावं. लोकेश माझा एकुलता एक वारस; त्याला विचारूनच हे ठरवलं. मी मराठीत विचारलं, तो नेहमीप्रमाणे डचमध्ये म्हणाला, "आई, हे तू खूप आधी करायला हवं होतंस."

विल्मर कोण, हे माझ्या भावाचं घर सोडलं तर नागपूरच्या नातेवाइकांना ठाऊक नाही, कारण मी कधी सांगितलं नाही. तो होंडुरासचा. तिथल्या दवाखान्यात नर्स होता. पुरुषांवर प्रेम करतो म्हणून त्याच्या मित्राला वस्तीतल्या टोळीने मारून टाकलं, तेव्हा हा पळून आला. इथे आश्रय मागताना अधिकारी विचारत राहिले, तू तसा आहेस हे कशावरून? निर्वासितांच्या छावणीत त्याचीच भाषा बोलणारे त्याच्या टेबलावर जेवायला बसेनात. बाहेर बारमध्ये गोऱ्या पुरुषांना तो एका रात्रीपुरता आवडायचा, नाव कुणी धड विचारायचं नाही. नर्सचं शिक्षण इथे धरत नाहीत, म्हणून गोदामात खोकी उचलायचा. तिथलं कंत्राट संपलं, आणि त्याच सुमारास लोकेश त्याला घरी घेऊन आला. हे सगळं मी नंतर ऐकलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की ह्याला नोकरी नाही.

लोकेशचं मी फार पूर्वी स्वीकारलं होतं. मराठी मंडळात बायका म्हणायच्या, "प्रमिलाताई, तुमच्यासारखी आई हवी." ते ऐकायला मला आवडायचं. पण माझ्या मनातला जावई डच होता, लायडनला डॉक्टर वगैरे.

विल्मर वरच्या खोलीत लोकेशबरोबर राहू लागला. बुद्धपौर्णिमेला मंडळातली मंडळी माझ्याकडे जेवायला येणार होती. विल्मरने सकाळपासून खपून केळीच्या पानात मक्याचे तमाल उकडले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लोकेश ऑफिसातून यायचा होता. मी विल्मरला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "माझं काही नाही रे, पण लोकांना समजावत बसावं लागतं. आज तू वरच जेव."

"हो, दोन्या प्रमिला," तो म्हणाला. 'दोन्या' म्हणजे त्याच्या भाषेत बाई, मानाने. ताट घेऊन वर गेला. त्याचे तमाल मी पाहुण्यांना वाढले, आणि नवीन रेसिपी करून पाहिली असं सांगितलं.

पुण्यात एमएस्सीला असताना माझ्या खोलीच्या मालकीणबाईंनी माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो पाहिला होता. दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक व्हरांड्यात. "आमचं काही नाही हो, पण शेजारीपाजारी विचारतात." त्या बाईंना मी आयुष्यभर माफ केलं नाही. माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य बाहेर पडलं, आणि पाहुणे जाईपर्यंत मला ते कळलंही नाही.

महिन्याभरात विल्मर ग्रोनिंगनला निघून गेला. ओळखीच्या कुणाकडे काम आहे म्हणाला. लोकेश शनिवार-रविवारी जाऊ लागला. तिथे विल्मरची झोप उडाली, मग जेवण सुटलं, मग तो अंथरुणातून उठेनासा झाला. हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनी, मानसोपचारासाठी नाव घातलं, पण नंबर लागेना. एकदा लागला, तर समोरची बाई भराभर डच बोलणारी. हा नुसता मान हलवून परत आला. लोकेश मला फोनवर सांगायचा आणि मी म्हणायचे, "त्याला म्हणावं जरा बाहेर पड, सायकल चालव." फेब्रुवारीत विल्मरने जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारच्या विद्यार्थिनीला शंका आली म्हणून वाचला.

मी लोकेशला विचारलं, "माझ्यामुळे?"

"फक्त तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला.

अशा गोष्टीला एकच कारण नसतं, असं विल्मरच्या डॉक्टरनेही मला समजावलं. ते खरं असेल. त्या वाक्याच्या आड मला लपायचं नाही.

२. नागपूरचा फ्लॅट माझी भाची तेजल हिला. विल्मरला व्हिडिओ कॉलवर 'विल्मरदादा' म्हणणारी घरात ती पहिली. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ प्रताप, यांना काही नाही. विल्मर आजारी असताना ते म्हणाले, "वेडा आणि वर तसला, कशाला गळ्यात घेतेस?" तेव्हा मी फोन ठेवला नाही, गप्प बसले. तोही माझाच दोष. पण फ्लॅट तेजलचाच.

३. बँकेतल्या शिलकीतून अंत्यविधीचा खर्च वजा जाता निम्मी रक्कम ग्रोनिंगनच्या त्या गटाला द्यावी, जिथे लॅटिन अमेरिकेतून आलेले समलिंगी आणि ट्रान्स लोक आठवड्यातून एकदा जमतात आणि स्पॅनिश बोलणारी मानसोपचारतज्ज्ञ येऊन बसते. विल्मर पहिल्यांदा मोकळेपणाने रडला तो तिथे. आता दर आठवड्याला इथून जाऊन नव्याने येणाऱ्यांना दार तो उघडतो. उरलेली रक्कम लोकेशची.

४. ह्यांच्या मागे राहिलेली सायकलदुरुस्तीची हत्यारं लोकेशला. त्याला पंक्चरही काढता येत नाही, शिकावं. शिलाई मशीन मंडळातल्या मृण्मयीला; तिने ते तीनदा मागितलं आणि मी तीनदा नाही म्हटलं.

५. माझ्या अंत्यविधीला पहिल्या रांगेत लोकेश आणि विल्मर शेजारी बसतील. निधनाच्या कार्डावर दोघांची नावं एका ओळीत छापावीत: मुलगा लोकेश, जावई विल्मर. मंडळातल्या कुणाला अडचण वाटली तर त्यांनी घरीच थांबावं. त्रिशरण पंचशील तेजलने म्हणावं. विल्मरला काही म्हणायचं असेल तर त्याच्या भाषेत म्हणू द्यावं, भाषांतर मागू नये.

६. हे कलम लोकेशसाठी. विल्मरच्या गोळ्या चालू आहेत. बरा दिसतो म्हणून बंद करायला सांगू नकोस. ज्या दिवशी तो उठणार नाही, त्या दिवशी त्याला आळशी म्हणू नकोस, व्याख्यान देऊ नकोस. जवळ बस. मला ते जमलं नाही.

७. माझं दुखणं वाढल्यावर विल्मर आपण होऊन आला. "मी नर्स आहे, मला हे येतं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मला उठवणं, पुसणं, औषधं, सगळं तोच बघतो. घर त्याच्या नावे करते आहे हे कळल्यावर तो चिडला. "दोन्या प्रमिला, त्या दिवशी मला वर पाठवलंत, त्याची ही भरपाई आहे का?"

मी म्हटलं, "नाही. हे तुझं घर आहे, म्हणून." आणि मग विचारून टाकलं, "तू मला माफ केलंस का?"

त्याने माझ्या पाठीमागची उशी नीट केली. मग म्हणाला, "अजून नाही."

तरी पहिलं कलम तसंच राहील. त्याने मला माफ करावं अशी कोणतीही अट या मृत्युपत्राला नाही, माझ्या पश्चात कुणी ती सुचवूही नये. त्याचं उत्तर बरोबर होतं. वाचून दाखवताना ते गाळू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि कबूल केला. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काहीही मिळायचं नाही.

सही: प्रमिला सुखदेव थोरात

साक्षीदार:
१. अंबरीश गोखले, फोरबर्ग
२. सानिका वाघमारे, लायडन

ठिकाण: लायडस्खेनडाम
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४