अव्वाचा नवस, माझे पाय

५ जानेवारी २००३, रविवार. सकाळी ९.४०

ही वही कुणी वाचायची नाही. माझी कादंबरीही कुणी वाचत नाही, पण ते वेगळं.

मोठी बातमी. कॉलेजच्या लायब्ररीत कायम झालो. त्याहून मोठी बातमी आज चहाच्या वेळी कळली. मी कायम व्हावं म्हणून आईनं, आमच्या अव्वानं, जोतिबाला नवस बोललेला. काय, तर पोरगं घरापासून चालत डोंगरावर येईल. पोराला विचारलेलं नाही. आणि नवस फिटेपर्यंत तिनं चहा सोडलाय. दिवसाला सहा कप पिणारी बाई!

म्हटलं, अगं अव्वा, एकोणीस किलोमीटर आहे. म्हणाली, नोकरी मागताना किलोमीटर मोजलतास व्हय?

ठीक. हे मी संधी म्हणून घेतोय. नुसता नवस फेडायचा नाही, शरीराशी नवं नातं जोडायचं. एका इंग्रजी मासिकात वाचलंय, रोज सकाळी आपल्या पायांना थँक्यू म्हणावं, मग चालण्यात आपोआप आनंद सापडतो. सहा आठवडे ट्रेनिंग, सातव्या रविवारी डोंगर. टाइमटेबल तीन रंगांच्या पेनांनी केलं. दमलो.

७ जानेवारी, मंगळवार

५.०० अलार्म.
५.०१ पायांना थँक्यू म्हटलं. पांघरुणातूनच. पाय छान ऊबदार होते. त्यांना थंड फरशीवर ठेवणं कृतघ्नपणा वाटला.
७.४५ उठलो.

१२ जानेवारी, रविवार

चाललो! गंगावेशीपर्यंत. तिथं दूध कट्टा लागतो हा माझा दोष नाही. म्हैस समोर, धार समोर, ग्लासात चार बोटं फेस. व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन लागतं. दोन ग्लास प्यालो. भरल्या पोटी चालू नये असं शास्त्र आहे. रिक्षानं आलो.

अव्वाचं डोकं दुखतंय. चहाचा वास आला तर तिला त्रास नको म्हणून अप्पा हल्ली कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पितात. लपून. निवृत्त माणूस, साठीचा. मला म्हणाले, मल्ल्या, तिचं नुसतं डोकं दुखतंय रं, आमचं सगळं घर दुखतंय. जा की बाबा एकदाचा.

म्हटलं, प्रोसेस आहे अप्पा.

२१ जानेवारी, मंगळवार

बूट घेतले. कॅनव्हासचे, पांढरे. नवे बूट आधी मुरवावे लागतात. घरातच घालून बसतो, वाचताना. अव्वा बघून म्हणाली, नवस अनवाणी बोललोय मी.

हे आधी सांगायला नको?

२९ जानेवारी, बुधवार

आमचा शिपाई कृष्णात गडमुडशिंगीहून रोज सायकल मारत येतो. त्याला विचारलं, कृष्णात, तुला यात आनंद कसा सापडला? म्हणाला, सायेब, यष्टी चुकत्या म्हणून सायकल. आनंद कसला, आठवड्याला दोनदा चेन पडत्या. मग म्हणाला, पर उताराला बरं वाटतंय.

उताराला बरं वाटतंय! केवढं वाक्य. कादंबरीचं अख्खं प्रकरण होईल. घरी येऊन अकरा पानं लिहिली, एकही पूर्णविराम न देता. उताराला कुठं पूर्णविराम असतो?

आज चालायला वेळ मिळाला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

एक हिशोब केला. घर ते कोपरा, कोपरा ते घर, लायब्ररीतली कपाटं, जिना, संडास, सगळं धरून गेल्या महिन्यात माझं एकोणीस किलोमीटर चालणं कधीच पूर्ण झालंय. म्हणजे टेक्निकली मी डोंगरावर पोचलोय. फक्त तुकड्यातुकड्यानं, आणि दुसऱ्या दिशेला.

अव्वाला हे समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण आवाज वाढला. भाकरीचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अव्वाला चक्कर आली. परातीवर पडली असती, अप्पांनी धरली. डॉक्टर म्हणाले, शुगर जरा वर आहे, वजनही. चहा सोडलाय ते उत्तम केलं, आता रोज सकाळी अर्धा तास चाला.

म्हटलं, बघ, मी महिनाभर हेच सांगतोय! माझं टाइमटेबल तिला दिलं. तिनं घडी घालून डब्याखाली ठेवलं, डबा हलत होता.

घाबरलो होतो. इथं लिहून ठेवतो, बाहेर सांगणार नाही.

२ मार्च, रविवार

जायचं नक्की होतं. पण काल मॅच होती, पाकिस्तानला हरवलं. घसा बसलाय. डोंगरावर पोचून माणसाला चांगभलं म्हणता आलं नाही तर गेल्याचा उपयोग काय?

अव्वा मात्र गल्लीतल्या चिमणाबाईला घेऊन रोज पहाटे जातेय. पहिल्या दिवशी चौकापर्यंत गेल्या, आता शिवाजी पुलापर्यंत जातात. माझ्या प्रेरणेचा परिणाम लगेच दिसतो.

१० मार्च, सोमवार

अव्वा म्हणाली, येत्या रविवारी जायाचं. तू, मी आणि चिमणाबाई. मल्ल्या, तुला एकट्याला सोडलं तर तू दारातनंच चांगभलं म्हणशील.

विश्वास म्हणून नाही या घरात.

१६ मार्च, रविवार. रात्री ८.१५

सविस्तर लिहिणं आवश्यक आहे, नाहीतर लोक वेगळं सांगतील.

पहाटे साडेचारला निघालो. मी अनवाणी. शिवाजी पुलापर्यंत मीच पुढं होतो. पुलावर थांबून दोघींना श्वासोच्छ्वासाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्या पूल ओलांडून गेल्या.

वडणगे फाट्याला डाव्या टाचेला फोड. पुढं उजव्या. केर्लीत पोटरीत गोळा आला आणि मी किलोमीटरच्या दगडावर बसलो. चिंतन करत. चिमणाबाई म्हणाली, शांतव्वा, दगुड हलला पर तुझं पोरगं हलंना.

 अव्वानं रस्त्यात जाऊन हात केला. भरलेली वडापची जीप थांबली. ड्रायव्हरला म्हणाली, पावणं, ह्याला वर न्हिऊन सोडा. आजारी न्हाय, शिकलेलं हाय.

जीपमध्ये सगळे सरकले. मला आदरानं जागा दिली.

घाटात एका वळणावर खाली बघितलं. जुन्या पायवाटेनं दोघी चढत होत्या. पदर खोचलेला, चपला हातात. अव्वा हसत होती. मला बघून नाही, चिमणाबाईला बघूनही नाही, ती मागं होती. नुसतीच हसत होती. तेवीस वर्षांत मी तिला असं बघितलेलं नाही. वळण संपलं.

वर दीड तास वाट बघितली. आल्या. कपाळाला गुलाल, घामानं ओघळलेला. पुजाऱ्याला अव्वानं विचारलं, लेक केर्लीपतोर चालला, म्होरं मी चाललो, नवस फिटला का? पुजारी म्हणाला, मावशी, घर एक हाय न्हवं? फिटला.

मग टपरीवर बसून तिनं तीन कप चहा घेतला. बशीतनं, फुंकून. डॉक्टरांचं काढलं तर म्हणाली, आजच्या दिवस गप बस. तिसऱ्या कपाला म्हणाली, हुपरीत माहेरी होतो तवा बारा वर्सं चांदीची पैंजणं जोडत बसलो. लगीन झालं, तवा चुलीपाशी बसलो. मला कुणी चालाय लावलंच न्हाय की रं. बरं झालं तुझं पाय दुखलं.

चहाचे पैसे मी दिले. 

१९ मार्च, बुधवार

ते हसणं लिहायचा प्रयत्न केला. चार वेळा. पूर्णविराम देऊन, न देता. जमत नाही. टाचा बऱ्या आहेत.

बहुतेक ते बसून लिहायचं काम नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.३०

ठरवून काही केलं नाही. टाइमटेबल नाही, अलार्म नाही, थँक्यू नाही. सव्वाचारला आपोआप जाग आली. वाटलं, डोंगरावर जावं. दुपारी क्रिकेटची फायनल आहे, तोवर परत येता येतं. अंगात उत्साह होता, खरोखरचा. आवरलं, केस विंचरले, बाहेरच्या सोप्यात जाऊन अव्वाची वाट बघत बसलो.

अप्पा उठून आले. म्हणाले, हे काय? त्या दोघी साडेतीनलाच गेल्या.

म्हटलं, मला उठवलं का नाही?

म्हणाले, मी म्हटलंतं, मल्ल्याला हाक मारू काय. तर नको म्हणाली. म्हणाली, आज काय नवस न्हाय, आज आमी मजेला चाललोय.

मी विंचरलेले केस पुन्हा विंचरले.  मग म्हणाले, उठलाईसच तर नळाला पाणी आलंय. तुझी अव्वा न्हाय, भर.

गल्लीच्या नळावर माझ्याशिवाय सगळ्या बायका. सोळा घागरी भरल्या.