उतारावरचं गवत

ता. ४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू विचारायच्या आधीच सांगतो: कॉलेजात परत जात नाही. बाबांनाही तेच सांग, फक्त जरा गोड करून. इथे इस्पितळाच्या हिरवळीचं काम मिळालंय. स्वतःचं मशीन आणेल त्यालाच काम, म्हणून गवत कापायचं ते बसून चालवायचं मशीन जुनंच घेतलं. त्याला गिअर टाकायचे नसतात. पेडल दाबलं की आतला पंप तेलाच्या दाबावर चाकं फिरवतो. सपाटीवर वाघ आहे. दुपारी उतारावर नेलं की तासाभरात शेळी होते. इंजिन बोंबलतं आणि चाकं ढिम्म. काल तर अर्ध्यातून उलटं घरंगळलं. मी उतरून त्याला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

मुकादम म्हणतो, शनिवारी मशीन धड चढलं नाही तर जुन्या ठेकेदाराला बोलावतो. मग मला घरी यावं लागेल, आणि मी येणार नाही. कारण दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एक नर्स आहे. अजून एक शब्द बोललो नाही, पण माझं मशीन सुरू झालं की ती खिडकीशी येते. ताई, मला झोप नाही, भूक नाही. तू रोज असल्या पंपांत कोपरापर्यंत हात घालतेस. काहीतरी सांग, आणि लवकर सांग.

तुझी माया आटली नसेल असं धरून चालतो.
भडक्या

ता. ६

चि. भडक्यास अनेक आशीर्वाद.

कारखान्यातली पाळी संपवून लिहितेय, डोळे मिटतायत. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, कॉलेजात वाचायचास तसं. बाबांना गोड करून सांगितलं. ते म्हणाले, या पोरासाठी आता घरात साखर उरली नाही. आईने तुझं अंथरूण उन्हात टाकलं.

आता मशीन. लाथेने पंप सुधारत असते तर कारखान्याने माझ्या जागी गाढव ठेवलं असतं. गार असताना जोर आणि तापल्यावर ढिलं, म्हणजे तेल पातळ होऊन दाब सुटतोय. पण एकदम पंप उघडायला धावू नकोस. आधी पंप फिरवणारा पट्टा बघ, गुळगुळीत झाला असेल तर घसरतो. मग मागचा दांडा. बंद मशीन ढकलायचं असलं की तो ओढून चाकं मोकळी करतात. तो पुरता आत बसलाय ना, ते बघ. मग पंपावरचा छोटा पंखा, त्याच्यामुळेच तेल गार राहतं. शेवटी तेल बदल आणि आतली हवा काढ. मागची चाकं अधांतरी ठेवून ठोकळे लाव, दांडा ओढ, इंजिन मंद ठेव आणि पेडल हळू पुढे, हळू मागे. मग दांडा आत सारून पुन्हा तसंच. घाई केलीस तर पंपाची वाट लावशील.

एक मात्र कळेना. तो उतार आहे तरी केवढा, की तासभर त्यावरच असतोस? एकदा कापलेलं गवत तुझ्यामागे लगेच उगवतं का? खरं लिही.

दोन घास वेळेवर खा, म्हणजे माझा जीव जागेवर राहील.
ताई

ता. ८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पट्टा ठीक. दांडाही ठीक. पंख्याची पाती मात्र बहुतेक मोडलेली, आणि भोवती वाळक्या गवताचा लगदा. भंगारवाल्याकडे तसाच पंखा मिळाला. तेल बदलून हवा काढताना पहिल्यांदा पेडल दणकन दाबलं तर मशीन ठोकळ्यांवरून उडीच मारत होतं. इस्पितळाचा ड्रायव्हर म्हणाला, एवढी घाई, लगीन आहे का रे तुझं. मग तू म्हणालीस तसं केलं. पाय भरून आला, पण तेलातले बुडबुडे थांबले.

उताराचं विचारलंस. तिची खिडकी त्याच्या बरोबर वर आहे. रोज दुपारी मी तोच कापतो, वर खाली, वर खाली. गवत नसलं तरी पातं फिरतंच ठेवतो. आता हसायचं तर हस.

उद्या शनिवार. पाठीशी राहा.
भडक्या

ता. १०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मशीन चढलं. मुकादमासमोर तीनदा चढलं, तापूनही जोर गेला नाही. तुझे उपकार.

तेवढ्यात ती खाली आली. माझ्याशी बोलायलाच आली होती. म्हणाली, ऑपरेशन झालेल्या माणसांचा दुपारी जरा डोळा लागतो आणि नेमका तेव्हाच हा आवाज सुरू होतो. ती खिडकीशी यायची ती खिडकी बंद करायला. मग उन्हाळ्यात वॉर्ड कोंदट होतो, म्हणून तिनेच मुकादमाकडे तक्रार केली होती. तो माझ्या तापट डोक्याला घाबरून मशीनचं निमित्त काढत होता. ती अजिबात रागावली नव्हती. दमलेली दिसत होती, तुझ्यासारखी. म्हणाली, दादा, एवढं सकाळी उरकलंत तर बरं होईल.

दादा म्हणाली, ताई. माझ्याहून मोठी असेल ती.

डोकं तडकलं होतं. इंजिन बंद केलं, दांडा ओढला आणि मशीन हातांनी ढकलत शेडपर्यंत नेलं, आवाज होऊ नये म्हणून. फार जड असतं गं ते.

काम टिकलं. बाबांना तेवढंच सांग. आणि आईला म्हणावं, अंथरूण उचलून ठेव, एवढ्यात येत नाही. आज सकाळी उतार एकदाच कापला. दुपारभर वरच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

आहे त्यापेक्षा थोडी जास्तच माया पाठव.
भडक्या