भट्टी, हात आणि आभाराचा फोटो

३ मार्च
भट्टी आली! आली एकदाची! सहा वर्षं त्या जुन्या भट्टीशी झटापट – प्लास्टिकचा तक्ता एका बाजूने वितळायचा, दुसऱ्या बाजूने ढिम्म. आज पहिलाच तक्ता असा मऊ निघाला आणि प्लास्टरच्या साच्यावर असा चपखल बसला, की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

देणगी पत्र्याच्या कारखान्याच्या शेठजींची. तेच – खटला चालू असलेले. काम भरभर व्हावं म्हणून मशीनच्या संरक्षक जाळ्या काढायला लावल्या, त्यात तिघांचे हात गेले, असा आरोप. आणि आम्ही बनवतो काय? कृत्रिम हात! संस्थेचे सर म्हणाले, "आरोपच आहे अजून. आणि आपल्या यादीत चाळीस जण ताटकळलेत." मला भट्टी हवी होती. खोटं कशाला लिहू?

४ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "घ्या की. त्याच्याकडे राहून ती भट्टी काय पुण्य करणार होती?" हे मात्र जेवताना सहज बोलून गेले – "त्या तिघांपैकीच कोणी आलं तर?"

११ मार्च
आलंच की. चाळिशीचे गृहस्थ, उजवा हात मनगटाच्या वरून गेलेला. माप देताना मजेत शिट्टी वाजवत होते. भट्टीवरची देणगीदाराची पाटी वाचली आणि शिट्टी थांबली. "यांच्याकडेच होतो मी."

वाटलं, उठून जातील. पण म्हणाले, "ताई, हात तुम्हीच करणार ना? मग करा." बायको पहाटे कामाला जाते, मुलीची वेणी यांनाच घालावी लागते. बट धरून ठेवता आली तरी पुरे, म्हणाले.

२९ मार्च
हात बसला! तर्जनी जरा ताठच राहिलीये. वाकवून देते म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या, बट अडकवायला बरी." आणि असे हसले – या कामाला लावल्याबद्दल देवाचे किती आभार मानू!

नेहमीसारखा फोटो काढला.

३१ मार्च
आभाराचं पाकीट गेलं.

१६ एप्रिल
काय करून बसले मी! दर हातामागे लाभार्थ्याचा फोटो देणगीदाराला जातो. वर्षानुवर्षांची पद्धत, हात आपोआप चालतो. शिट्टीवाल्यांचा फोटोही गेला – मागे माझ्याच अक्षरात 'मनःपूर्वक आभार'! शेठजींच्या वकिलाने तो कोर्टात दिलाय. कामगार समाधानी आहे, तक्रार निव्वळ पढवलेली आहे, म्हणे. सोमवारी साक्ष. बाकीचे दोघं आधीच फिरलेत, सगळी भिस्त यांच्या एकट्याच्या शब्दावर.

हे सांगायला ते स्वतः आले. मला रडूच फुटलं. "तुम्ही रडू नका हो ताई. फक्त हात परत मागू नका. काल वेणी जमली." उलट माझीच समजूत काढत होते. असं माणूस समोर असलं की आपण किती खुजे, ते कळतं.

१८ एप्रिल
सर म्हणाले, संस्थेने कोर्टकचेरीत पडू नये. बरं. संस्था पडणार नाही. मी रजा टाकलीये.

२१ एप्रिल
वकिलाने फोटो नाचवला. "हसताय ना तुम्ही? हा हात दिला कुणी?"

"ताईंनी." नव्या हाताने माझ्याकडे दाखवलं.

मग शिट्टीवाल्यांच्या बाजूच्या वकीलबाई उठल्या. "आणि आधीचा कुणी नेला?"

त्यांनी तोच हात शेठजींकडे वळवला. ताठ राहिलेली तर्जनी. जराही थरथरली नाही.